स्कॉटलंडची संसद आणि मद्याची किमान किंमत

प्रदत्त अधिकारांवर चालणाऱ्या संसदेतील धोरणचर्चेचे परीक्षण करताना अभ्यासक सामान्यतः एकच प्रश्न विचारतो : मांडलेले धोरण लोकहिताचे आहे काय? स्कॉटलंडपुरता हा प्रश्न अपुरा ठरतो. १९९८ च्या स्कॉटलंड अधिनियमाने सार्वजनिक आरोग्य हा विषय एडिंबरोच्या संसदेकडे आला. मद्यावरील उत्पादन शुल्क मात्र वेस्टमिन्स्टरकडे राखीव राहिले. भारतात सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीने मद्याचे नियमन व त्यावरील शुल्क ही दोन्ही राज्यांकडे सोपविली असल्यामुळे आपल्या विद्यार्थ्यास ही फारकत चटकन ध्यानी येत नाही. मद्याच्या किमान किमतीविषयीची चर्चा तिच्यावाचून उलगडत नाही.

स्वस्त व तीव्र मद्यामुळे होणारी हानी रोखण्याचा सरळ उपाय म्हणजे तीव्रतेच्या प्रमाणात कर बसविणे. तो मार्ग एडिंबरोस बंद होता. म्हणून मद्यार्काच्या दर एककास, म्हणजे १० मिलिलिटर शुद्ध मद्यार्कास, किमान विक्रीकिंमत ठरविण्याची कल्पना पुढे आली. २०१० मध्ये अल्पमतातील सरकारच्या विधेयकातून विरोधकांनी ही तरतूद गाळली. २०११ मध्ये स्कॉटिश नॅशनल पक्षास बहुमत लाभल्यावर मे २०१२ मध्ये ती स्वतंत्र कायद्याच्या रूपाने संमत झाली. मजूर पक्ष तटस्थ राहिला. वाढीव किमतीचा पैसा सरकारी तिजोरीत न जाता विक्रेत्यांच्या पदरात पडेल, हा त्याचा मुख्य आक्षेप होता.

यावर समर्थकांचे उत्तर असे की, कर बसविण्याचा अधिकारच आपणांस नाही. हे उत्तर खरे, परंतु अर्धेच खरे होय. व्यापारी मिळकतींवरील स्थानिक कर संसदेच्या कक्षेत होता. आणि तंबाखू व मद्य ही दोन्ही विकणाऱ्या मोठ्या दुकानांवर त्याच मार्गाने २०१२ ते २०१५ या काळात आरोग्य अधिभार बसविलाही गेला होता. स्कॉच व्हिस्की संघटनेच्या न्यायालयीन आव्हानामुळे रखडलेला कायदा १ मे २०१८ रोजी ५० पेन्स या दराने अमलात आला, तेव्हा तो अधिभार उरला नव्हता. न्यायालयांतही प्रश्न हाच होता की, करवाढीने व्यापारास कमी बाधा पोहोचून तेच फळ मिळाले नसते काय? जे साधन संसदेच्या हाती नव्हते, त्याच्याच मापाने तिचे साधन जोखले गेले. नोव्हेंबर २०१७ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला.

परिणाम उपेक्षणीय नाही. सर्वस्वी मद्यामुळे होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा सुमारे १३.४ टक्क्यांनी कमी झाले, असा निष्कर्ष २०२३ च्या अधिकृत मूल्यमापनाने काढला. तथापि व्यसनाच्या पूर्ण आहारी गेलेल्यांना कायद्याचा लाभ स्पष्टपणे दिसला नाही. त्यांतील काहींनी मद्यासाठी अन्नावरील खर्च कमी केला. उपचारांची निकड अधिक होती ती याच वर्गास, आणि विक्रेत्यांकडे राहिलेला पैसा खर्ची पडावयास हवा होता तो त्यांच्याचसाठी. एप्रिल २०२४ मध्ये संसदेने कायदा पुढे चालू ठेवला आणि ३० सप्टेंबर २०२४ पासून दर ६५ पेन्स केला. त्यामुळे हा प्रश्न अधिकच तीव्र झाला आहे.

तात्पर्य, अधिकाराची मर्यादा साधनाच्या निवडीचे स्पष्टीकरण देते. हाती असलेल्या अधिकाराच्या उपेक्षेचे समर्थन तिने होत नाही. अशा संसदेच्या चर्चेचे मूल्यमापन करताना या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे, हेच टीकाकाराचे पहिले कर्तव्य होय.