रिकार्डोचें एकतिसावें प्रकरण

डेव्हिड रिकार्डो याच्या अर्थशास्त्रावरील प्रमुख ग्रंथाची पहिली आवृत्ति १८१७ सालीं निघाली. १८२१ सालीं तिसरी आवृत्ति काढतांना त्यानें तींत यंत्रांविषयीं एक नवें प्रकरण घातलें. ग्रंथकार आपली चूक सुधारतात ती बहुधा मुकाट्यानें. रिकार्डोनें ती आरंभींच सांगून टाकली आहे. यंत्रांमुळें जमीनदार, भांडवलदार व मजूर या तिन्ही वर्गांचें हितच होतें, हें आपलें पूर्वींचें मत मजुरांपुरतें चुकीचें होतें, अशी ही कबुली आहे. त्याचा अनुयायी मॅक्युलक याला ती मुळींच रुचली नाहीं. विणकामाचीं यंत्रें फोडणारास देहान्त शिक्षा सांगणारा कायदा इंग्लंडांत १८१२ सालीं झाला होता. त्यानंतर नऊच वर्षांनीं, यंत्राविषयींची मजुराची भीति हा अडाणीपणा नसून ती शास्त्रास धरून आहे, असें पार्लमेंटच्या एका धनाढ्य सभासदानें लिहावें, ही लहान गोष्ट नव्हे.

त्याचें उदाहरण साधें आहे. एका भांडवलदाराजवळ २०,००० पौंड आहेत. पैकीं ७,००० इमारतींत व हत्यारांत, आणि १३,००० मजुरांच्या पोषणांत गुंतलेले. एका वर्षीं तो निम्मे मजूर यंत्र बांधण्यास लावतो. यंत्र ७,५०० पौंडांचें होतें. अन्नवस्त्र मात्र पूर्वींच्या १५,००० ऐवजीं ७,५०० पौंडांचेंच निपजतें. त्यांतून नेहमींचा २,००० पौंड नफा काढला म्हणजे मजुरांकरितां ५,५०० उरतात. मालकाचें कवडीचेंही नुकसान झालें नाहीं. पण ७,५०० पौंडांवर पोसले जाणारे मजूर निराधार झाले.

इतकें धैर्य दाखविल्यावर ग्रंथकाराचा पाय किंचित् मागें सरतो. यंत्रें एकदम येत नाहींत, हळूहळू येतात; आणि सरकारनें त्यांस अडथळा केल्यास भांडवल परदेशीं जाईल, असें तो म्हणतो. हें आम्हांस मान्य आहे. परंतु यंत्र अडवणें आणि मजुरास वाऱ्यावर सोडणें यांच्या मध्यें कांहीं वाट आहे कीं नाहीं, याचा विचार तो करीत नाहीं. लँकेशायरांत यंत्रमाग आले तेव्हां गिरण्यांत नवीं कामें निघालीं खरीं. पण तीं बहुतांशीं बायकांना व पोरांना मिळालीं. हातमागावरच्या म्हाताऱ्या विणकराला त्यांचा काय उपयोग?

वर्गांत आम्हीं हें प्रकरण नेहमीं घाईनें आटोपलें. कालांतरानें सर्व स्थिरस्थावर होतें, असें सांगून आम्ही पुढच्या धड्याकडे वळत असूं. आज लेखन व भाषांतर करणारीं यंत्रें आमच्याच दाराशीं आल्यावर, हें 'कालांतर' कोणाच्या आयुष्यांतून वजा होतें, हा प्रश्न आम्हांस सुचला. तो विणकराकरितां आधींच सुचावयास हवा होता. स्वतःस कसलीही झळ लागली नसतां रिकार्डोला मजुराची बाजू दिसली, यांतच या प्रकरणाचें मोठेपण आहे.