सुई स्नायूत, दुखणं कुठं?

दिव्याच्या गर्दीतून उतरून तुम्ही घरी न जाता इथं आलात, म्हणून फार ताणत नाही. विषय तसा छोटा आहे: जबड्याच्या सांध्याचं दुखणं आणि त्यावर दिलं जाणारं स्नायू सैल करणारं इंजेक्शन. म्हणजे आपलं बोटॉक्स. मी स्वतः दातांचा डॉक्टर आहे. तेव्हा आज जी टीका करणार आहे, ती घरातल्याच माणसाची समजा.

मागे दिव्यातल्याच एक ताई माझ्याकडे आल्या. पहाटे साडेचारला उठायचं, डबे करायचे, मग गाडी पकडायची. कानाच्या पुढे ठणका, जांभई देताना कटकट आवाज, सकाळी उठल्यावर गाल जड. त्यांनी दुसरीकडे दोनदा इंजेक्शन घेतलं होतं. दोन्ही वेळा बरं वाटलं आणि चौथ्या महिन्यात दुखणं परत आलं. प्रश्न एवढाच होता, "डॉक्टर, तिसरं घेऊ का?"

उत्तर देण्याआधी हे इंजेक्शन करतं काय ते बघू. कानाच्या पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडा. जे हलतं तो सांधा. त्यात कूर्चेसारखी एक चकती असते. आता दात आवळा. गालाच्या मागच्या बाजूला जो टणक उंचवटा येतो, तो चावण्याचा स्नायू, मॅसेटर. इंजेक्शन बहुतेक वेळा तिथं आणि कानशिलावरच्या स्नायूत देतात, सांध्यात नाही. मज्जातंतू स्नायूला आकसण्याचा जो रासायनिक निरोप देतो, तो हे औषध अडवतं. काही दिवसांत स्नायू ढिला पडतो आणि साधारण तीन-चार महिन्यांनी निरोप पुन्हा सुरू होतो. म्हणजे चकती सरकली असेल किंवा सांध्याची झीज झाली असेल, तर ती या सुईनं दुरुस्त होत नाही. माझी पहिली तक्रार इथंच आहे. आपण पेशंटला 'सांध्याचं इंजेक्शन' म्हणून सांगतो आणि देतो स्नायूत.

दुसरी तक्रार पुराव्याची. हे औषध फालतू नाही. तिरळेपणा आणि पापण्यांचे झटके यासाठी अमेरिकेत १९८९ मध्ये त्याला मान्यता मिळाली, जुनाट मायग्रेनसाठी २०१० मध्ये. जबडा आपोआप वाकडा खेचला जातो अशा डिस्टोनियाच्या आजारात तर ते मोठा आधार आहे. पण जबड्याच्या सांध्याच्या दुखण्यासाठी तिथं अशी मान्यता नाही. चाचण्यांत स्नायूची ताकद कमी झालेली दिसते, पण दुखणं किती कमी झालं याची उत्तरं एकसारखी येत नाहीत. काही ठिकाणी नुसत्या मिठाच्या पाण्याची सुई दिली, तरी लोकांना बराच आराम पडला. कारण हे दुखणं मुळातच चढतं-उतरतं असतं, आणि माणूस डॉक्टरकडे येतो तो ते चढलेलं असताना.

डिसेंबर २०२३ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये जबड्याच्या जुनाट दुखण्यासाठी मार्गदर्शक शिफारशी आल्या. ठाम शिफारस कशाची? जबड्याचे व्यायाम आणि ताण देणं, हातानं केलेली फिजिओथेरपी, देखरेखीखाली शरीराची ठेवण सुधारणं, आणि दुखण्याशी वागायची रीत बदलणारं समुपदेशन. बोटॉक्स 'शक्यतो नको'च्या यादीत आहे. आणि हसू नका, आम्ही दंतवैद्य हौसेनं बनवून देतो ते नाइट गार्डही त्याच यादीत आहे! म्हणून म्हटलं, टीका घरातली आहे.

मग व्यायाम आधी का सांगितला जात नाही? सुई पाच मिनिटांत होते आणि तिचं बिल करता येतं. व्यायाम समजावायला अर्धा तास जातो, त्याचे पैसे मागायला आम्हालाच संकोच वाटतो. आणि पेशंटकडे तरी वेळ कुठं असतो? सुईत आपल्या दोघांचीही सोय आहे. खर्च मात्र एकाचाच, आणि तोही वर्षातून तीन-तीनदा. शिवाय चावताना जबडा लवकर दमतो, औषध बाजूला पसरलं तर हसू काही काळ वाकडं होतं. पुन्हा पुन्हा घेतल्यानं जबड्याच्या हाडावर परिणाम होतो का, ही शंका प्राण्यांवरच्या प्रयोगांतून आलेली आहे. ती पेशंटला सांगायलाच हवी.

आणखी एक. तोंडात उभी तीन बोटं जात नसतील, तिखट झोंबत असेल आणि सुपारी-गुटख्याची सवय असेल, तर तो बहुधा वेगळाच रोग आहे. त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. तिथं सुईची वाट बघू नका. कळव्याच्या महापालिका रुग्णालयात किंवा मुंबईला सरकारी दंत महाविद्यालयात जाऊन तोंड तपासून घ्या. चालताना, जिना चढताना जबडा दुखत असेल तर आधी हृदय तपासा.

त्या ताईंना मी 'तिसरं घेऊ नका' असं फर्मान काढलं नाही. म्हटलं, आधी सहा आठवडे एवढं करा. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ टाळूला. दात एकमेकांना लागायचे ते फक्त जेवताना आणि गिळताना. गाडीत एकेक स्टेशन आलं की बघायचं, दात आवळलेत का? आवळले असतील तर सोडायचे. रात्री गरम शेक, आरशासमोर जीभ टाळूला लावून सावकाश तोंड उघडायचं. एकदा फिजिओथेरपिस्टला दाखवायचं.

सहा आठवड्यांनी त्या आल्या. दुखणं गेलं नव्हतं, पण कमी होतं. म्हणाल्या, "मुंब्रा गेलं, कळवा गेलं, ठाण्याला पोचेपर्यंत चार वेळा दात आवळलेले सापडतात हो. हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं."

मंडळी, माझी तक्रार सुईबद्दल नाहीच. ती या न सांगण्याबद्दल आहे. आता तुमचे प्रश्न घेऊ. आणि हो, ऐकताना कुणाकुणाचे दात आवळलेले आहेत, तेवढं बघा.