पान्हा आणि 'प्रेमाचं संप्रेरक'

मंडळी, ऑक्सिटोसिनचं काम कागलकरांना वेगळं समजावून सांगायला नको. रेडकू तोंड लावतं, म्हैस पान्हवते, मग धार निघते. मेंदूच्या तळाशी तयार होणारं, अवघ्या नऊ अमिनो आम्लांचं हे न्यूरोपेप्टाइड रक्तातून कासेपर्यंत पोचतं आणि दूध उतरतं. इथवर शास्त्र पक्कं आहे. माझा आक्षेप आहे तो त्याला चिकटवलेल्या 'प्रेमाचं संप्रेरक' या बिरुदावर.

या बिरुदाला मोठं बळ मिळालं २००५ साली. झुरिचमध्ये काही पुरुषांच्या नाकात ऑक्सिटोसिन फवारलं, आणि पैशांच्या खेळात ते परक्यावर जास्त विश्वास टाकू लागले, असा लेख 'नेचर'मध्ये आला. जगभर बोलबाला झाला. २०२० मध्ये कितीतरी जास्त माणसं घेऊन तीच तपासणी पुन्हा झाली, तेव्हा तसा परिणाम दिसला नाही. ही दुसरी बातमी मात्र आपल्यापर्यंत पोचलीच नाही.

दुसरी चूक याहून खोल आहे. प्रेअरी व्होल या जोडीनं राहणाऱ्या उंदरासारख्या प्राण्याचे निष्कर्ष थेट माणसाला लावले गेले. अहो, किल्ली तीच असली तरी कुलपं कुठं बसवलीत ते बघाल की नाही? व्होल एकमेकांना वासानं ओळखतात; त्यांच्यात ऑक्सिटोसिनचे ग्राहक मेंदूच्या सुखाशी जोडलेल्या भागात भरपूर आहेत. रीसस माकडात ते प्रामुख्यानं नजर आणि लक्ष सांभाळणाऱ्या भागांत सापडले. म्हणजे प्रायमेटांच्या मेंदूत हे रसायन 'जीव लाव' असं न सांगता 'इकडं बघ' एवढंच सांगत असेल. आणि २०२३ मध्ये तर हा ग्राहकच काढून टाकलेल्या व्होलनीही जोड्या जमवल्या!

हा वाद नुसता पुस्तकी नाही. स्वमग्न मुलांचे आईबाप याच आशेवर फवारे शोधत फिरतात. २०२१ साली अमेरिकेत २९० मुलांवर २४ आठवडे चाचणी झाली. खऱ्या आणि खोट्या फवाऱ्यात फरक आढळला नाही.

आता परत गोठ्यात या. सुई टोचली की रेडकू जवळ नसतानाही म्हैस दूध सोडते. ती सुई कासेवर चालते. रक्तातलं ऑक्सिटोसिन मेंदूत सहजी शिरत नाही. म्हणून सांगतो, दूध उतरलं म्हणजे माया उतरली असं नव्हे. आणि एखाद्या बाळंतिणीला दूध कमी आलं, तर तिच्या मायेचं माप काढायला हे शास्त्र कुणी वापरू नये.