मार्शल यांचा पेला आणि आपली ‘ॲसिडिटी’

बॅरी मार्शल यांनी जंतूंचा पेला पिऊन स्वतःला अल्सर करून घेतला आणि नोबेल मिळवले, ही गोष्ट विज्ञान दिनाच्या भाषणांत नेहमी ऐकू येते. गोष्ट चटकदार आहे. पण ती तशी घडलेली नाही, आणि वर्गात तिच्यातून काढला जाणारा निष्कर्ष तर साफ चुकीचा आहे, असे आमचे मत आहे.

मार्शल यांनी १९८४ मध्ये आज हेलिकोबॅक्टर पायलोरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जिवाणूंचे द्रावण प्राशन केले. १९८५ च्या ‘मेडिकल जर्नल ऑफ ऑस्ट्रेलिया’तील निबंधात ते काय सांगतात? दहाव्या दिवशी जठराच्या अस्तराला सूज आढळली. अल्सर झाला नाही. एका माणसावरच्या प्रयोगाने सिद्ध होण्यासारखे होते तेवढेच सिद्ध झाले. अल्सरशी या जंतूचे नाते जुळले ते रॉबिन वॉरन यांच्यासह तपासलेल्या शंभर रुग्णांमुळे आणि पुढच्या उपचार-चाचण्यांमुळे. नोबेल आले २००५ मध्ये.

भाषणांतून एक तपशील हमखास गळतो. मार्शल यांना उलट्या झाल्या, पण त्या उलट्यांत आम्ल नव्हते! नव्या संसर्गात आम्ल स्रवणाऱ्या पेशी काही काळ थंडावतात. आमच्या मते साऱ्या गोष्टीत शिकवण्याजोगे हेच आहे.

कारण गोंदियापासून मुंबईपर्यंत छातीतली जळजळ, आंबट ढेकर, पोटदुखी या सगळ्यांना आपला एकच शब्द, ‘ॲसिडिटी’. मग ही गोष्ट ऐकलेला विद्यार्थी आजोबांच्या जळजळीचा दोषही जंतूवरच टाकतो. जळजळीचे मूळ मात्र अन्ननलिका आणि जठर यांच्यामधल्या झडपेसारख्या स्नायूत असते. तो सैल पडला की आम्ल वर चढते. जंतूची सूज जठराच्या खालच्या टोकाशी असेल तर आम्ल वाढते व ग्रहणीत व्रण होऊ शकतो. सूज जठरभर पसरून आम्लग्रंथी झिजल्या तर आम्ल घटते, आणि जळजळ उलट कमीच होते.

१९९७ मध्ये लाबेन्झ व सहकाऱ्यांनी जर्मनीतील ग्रहणीव्रणाच्या रुग्णांत पाहिले की, तीन वर्षांत जंतू गेलेल्यांपैकी सुमारे २६ टक्क्यांच्या आणि जंतू टिकलेल्यांपैकी सुमारे १३ टक्क्यांच्या अन्ननलिकेला दाह झाला. बरीच खळबळ उडाली. नंतरच्या चाचण्यांत मात्र जंतू घालवल्याने सर्वसाधारणपणे जळजळ वाढत नाही, असे दिसले. अल्सर असेल तर जंतू घालवावाच. १९९४ पासून तो कर्करोगकारकांच्या यादीतही आहे. पण त्याने जळजळ जाईल असे आश्वासन कोणी देऊ नये.

गोंदिया जिल्ह्यात बिडी आणि खर्रा घरोघरी माहीत आहेत. तंबाखूतले निकोटिन हाच स्नायू सैल करते. रात्री पोटभर भात खाऊन लगेच आडवे होण्यानेही आम्ल वर चढायला वाट मिळते. आजोबांच्या जळजळीची चौकशी इथून सुरू व्हायला हवी. पेल्याची गोष्ट त्यानंतर सांगितली तरी चालेल.