आरंभाविषयी लिहिणाऱ्या दोन लेखण्या

विश्वाच्या आरंभाविषयी सामान्य वाचकासाठी लिहिणे ही लेखकाची कसोटी असते. पुंजवाद सूक्ष्म कणांचे नियम सांगतो, व्यापक सापेक्षता गुरुत्वाकर्षणाचे. विश्व अतिसूक्ष्म आणि अतिघन होते, तेथे दोहोंचा मेळ बसायला हवा. तो घालणारा सर्वमान्य सिद्धान्त आजही हाती आलेला नाही.

स्टीफन हॉकिंग यांच्या १९८८ च्या ‘अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम’ने हा विषय घरोघरी नेला. पुस्तकात समीकरण एकच, आइन्स्टाइनचे. बाकी सारी भिस्त दृष्टान्तांवर. त्यांतला पृथ्वीगोलाचा दृष्टान्त फार सुंदर आहे. उत्तर ध्रुवावर अक्षवृत्त बिंदूत मिटते, पण तेथे पृथ्वीला कडा नसते. तशी काळालाही कडा नसेल. मग निर्मात्याला काम काय उरले, असा प्रश्न हॉकिंग करतात आणि श्रद्धावंत वाचक बिचकतो.

परंतु या दृष्टान्तातला काळ आपल्या घड्याळातला नव्हे. तो गणितातला ‘काल्पनिक काळ’ आहे. शिवाय जेम्स हार्टल यांच्यासह १९८३ साली मांडलेली ही केवळ एक कल्पना आहे, असे हॉकिंग स्वतः नमूद करतात. दुर्दैवाने दृष्टान्त मनात ठसतो आणि ही तळटीप विसरली जाते. सुबोधतेचा धोका नेमका हाच.

याउलट बेल्जियमचे धर्मगुरू जॉर्ज लमेत्र यांचे १९३१ सालचे ‘नेचर’मधील छोटे पत्र पाहावे. मागे जावे तसे पुंज कमी होत जातात. एकच पुंज उरला, तर ‘स्थळ’ आणि ‘काळ’ या शब्दांनाच अर्थ राहत नाही, असे ते सुचवतात. आपले शब्द कोठे थांबतात, हे ते वाचकाला दाखवून देतात. मूळ टंकलिखितात शेवटी परमेश्वराविषयी एक परिच्छेद होता. प्रसिद्धीपूर्वी त्यांनी तो खोडला. पुढे १९५१ मध्ये पोप पायस बारावे यांनी या संशोधनात निर्मितीची साक्ष पाहिली, तेव्हाही लमेत्र अस्वस्थच झाले.

शास्त्रज्ञाने देवाचे नाव घेऊन पुस्तक संपवावे आणि धर्मगुरूने ते खोडावे, हा विरोधाभास बोलका आहे. लमेत्र यांची श्रद्धा उणी नव्हती. ती समीकरणावर टेकलेली नव्हती, इतकेच. जगाला काळात आरंभ होता हे तर्काने सिद्ध होत नाही, असे संत थॉमस अक्वायनस यांनीही म्हटले होते. निर्मिती म्हणजे केवळ पहिला क्षण नव्हे. प्रत्येक क्षणी जगाचे परमेश्वरावर विसंबून असणे होय.

म्हणून आपल्या मुलांच्या हाती हॉकिंग यांचे पुस्तक अवश्य द्यावे. ते लपवणे हा श्रद्धेचा अपमान ठरेल. मात्र दृष्टान्त कोठे संपतो आणि ज्ञान कोठवर पोहोचते, हे विचारण्याची सवयही त्यांना लावावी.