माणसाच्या मापाचा कारखाना : डिंगॉल्फिंग प्रयोगाची चिकित्सा

प्रस्तावना

वयस्क कामगारांच्या प्रश्नाची चर्चा करताना व्यवस्थापनशास्त्रात जर्मनीतील बीएमडब्ल्यूच्या डिंगॉल्फिंग कारखान्याचा दाखला आवर्जून दिला जातो. २००७ मध्ये तेथील गिअरबॉक्स विभागाच्या एका लाइनवर ४२ कामगारांची नेमणूक अशी करण्यात आली, की त्यांचे सरासरी वय ४७ व्हावे. दहा वर्षांनंतर कारखान्याचे सरासरी वय तेवढे होईल, असा अंदाज होता. लाकडी फरशी, उंची बदलता येणारी टेबले, खुर्च्या, भिंगे, पडद्यावरील मोठी अक्षरे असे ७० बदल करण्यात आले. त्यांपैकी बरेच कामगारांनीच सुचविले होते. खर्च सुमारे ४० हजार युरो झाला आणि वर्षभरात उत्पादकता ७ टक्क्यांनी वाढली.

मूल्यमापन

दोष कामगाराच्या शरीरात नसून कामाच्या रचनेत असतो, हे या प्रयोगाने दाखवून दिले. लाकडी फरशीने वयस्क कामगाराचे गुडघे वाचतात, तसेच तरुणाचेही. तथापि या यशाचे मोजमाप उत्पादकतेनेच झाले, ही त्याची मर्यादा होय. उत्पादकता वाढली नसती तर त्या खुर्च्या काढून घेणे न्याय्य ठरले असते काय? जो हक्क नफ्यावर अवलंबून असतो, तो हक्क राहत नाही; ती सवलत होते.

दुसरे असे की, जर्मनीत हा प्रयोग पोकळीत घडला नाही. तेथे किमान २० नोकऱ्या असलेल्या खाजगी मालकांनाही ५ टक्के जागा तीव्र अपंगत्व असलेल्यांना द्याव्या लागतात, अन्यथा आकार भरावा लागतो.

भारतीय संदर्भ

भारतात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. परंतु ४ टक्के आरक्षण आणि सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्यास कामावरून न काढण्याचे संरक्षण, या दोन्ही तरतुदी शासकीय आस्थापनांपुरत्याच आहेत. खाजगी कारखान्यात प्रेस मशीनवर अंगठा गमावणाऱ्या कामगाराच्या वाट्याला मुख्यतः भरपाईच येते. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टाने अंगठ्याची हानी ३० टक्के कमाईक्षमतेइतकी मानली होती. अंगठ्याविना चालविता येईल असे यंत्र देण्याचे बंधन मात्र त्या कायद्याने घातले नाही. उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४४ मध्येच सांगितली होती. म्हणजे खुर्चीची कल्पना आपल्याला परकी नव्हती. उणीव होती ती अंमलबजावणीची.

समारोप

डिंगॉल्फिंगचे अनुकरण करताना केवळ फरशी आणि भिंगे उचलून भागणार नाही. कामगाराला विचारण्याची पद्धत आणि त्यामागील कायद्याचा आधार, या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेत. ज्याला उद्याही कामावर घेतले जाईल याची शाश्वती नाही, तो कंत्राटी कामगार आपली गुडघेदुखी सांगणार नाही, ती लपवील. म्हणूनच सुगम कारखान्याचा प्रश्न अभियांत्रिकीचा आहे, त्याहून अधिक तो नोकरीच्या सुरक्षिततेचा आहे.