गिरणगांवच्या मुखी साधनांची प्रमाणमीमांसा

श्रीमती नीरा आडारकर व श्रीमती मीना मेनन ह्या उभयतांनीं सिद्ध केलेला, मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मुखींच्या हकीकतींचा ग्रंथ २००४ सालीं इंग्रजींत प्रसिद्ध झाला व पुढें ‘कथा मुंबईच्या गिरणगावची’ ह्या नांवानें तो मराठी वाचकांच्याहि हातीं आला. बाडें, महजर व सनदा ह्यांत रमणाऱ्या आमच्या वाचकांस हा विषय परका वाटण्याचा संभव आहे. परंतु साधनांची पारख हें जर आपलें शास्त्र असेल, तर साधन तीनशें वर्षांपूर्वींचें आहे कीं तीस वर्षांपूर्वींचें, ह्यानें त्या शास्त्राचे नियम बदलत नाहींत. त्याच नियमांनीं ह्या ग्रंथाची परीक्षा करण्याचें येथें योजिलें आहे.

प्रथम विषयाची रूपरेषा. कावसजी नानाभाई दावर ह्यांनीं १८५४ सालीं मुंबईंतील पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली. पुढें परळ, लालबाग, वरळी ह्या टापूंत जी कामगारवस्ती दाटली तिला गिरणगांव हें नांव पडलें. १८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लक्ष कामगार संपावर गेले. १९४६ च्या औद्योगिक संबंधविषयक कायद्यान्वयें प्रतिनिधित्वाचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. यामुळें कामगार ज्या पुढाऱ्यामागें गेले, त्याच्याशीं बोलणें मालकांवर बंधनकारक नव्हतें. हा संप रीतसर मागें घेतल्याची घोषणा झालीच नाहीं. त्यास आरंभतिथि आहे, समाप्तितिथि नाहीं. सहस्रावधि माणसें ‘नोकरी आहे’ आणि ‘नोकरी गेली’ ह्या दोहोंच्या मध्यें वर्षानुवर्षें लोंबकळत राहिलीं. ही संदिग्धता ग्रंथांतील निवेदनांतून जशी उमटते तशी ती कोणत्याहि सरकारी अहवालांत उमटणें शक्य नाहीं. खानावळी, भजनें, शाहिरी, गणेशोत्सव ह्यांनीं बांधलेली वस्ती उपजीविकेचा खांब ढळतांच कशी विसविशीत झाली, हें येथें भोगणाऱ्यांच्याच शब्दांत वाचावयास मिळतें. राजनारायण चंदावरकर ह्यांच्यासारख्या अधिकारी इतिहासकाराची विस्तृत प्रस्तावना ग्रंथास लाभली आहे, हेंहि त्याचें भाग्य.

आतां दोष. नैयायिकांनीं शब्दास प्रमाण मानिलें तें वक्ता आप्त असेल तरच. आप्त म्हणजे ज्यास वस्तु यथार्थ ठाऊक आहे व जो ती तशीच सांगूं इच्छितो, तो. ह्यांतील पहिली अट काळाच्या अंतराशीं निगडित आहे. सभासदाची बखर १६९७ ची, म्हणजे शिवछत्रपतींच्या निधनानंतर सतरा वर्षांची. मल्हार रामराव चिटणिसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची. दोहोंस आपण एका तागडींत तोलीत नाहीं. तद्वत् १९८२ च्या संपाविषयीं बोलणारा कामगार सभासदाच्या पंक्तीस बसेल. पण वडिलांकडून ऐकलेलें स्वातंत्र्यपूर्व लढ्यांचें वृत्त सांगूं लागतांच तोच कामगार चिटणिसांच्या पंक्तीस जातो. हा भेद वाचकानें स्वतःच पदोपदीं करावा लागतो. शिवाय निवेदनें विषयवार खंडून संपादिकांच्या निरूपणांत ओंविलीं आहेत. त्यामुळें ग्रंथ सुगम झाला खरा, पण एकाच माणसाची साक्ष सलग तपासण्याची, तिच्यांतील विसंगति धुंडण्याची सोय राहिली नाहीं. अस्सल बाड फोडून त्याचीं पत्रें विषयवार छापल्यास जी हानि होते, तीच ही.

दुसरी अट हेतूची. उभय संपादिका गिरणी कामगारांच्या चळवळींत स्वतः सहभागी होत्या. ह्यावरून कोणी ग्रंथास पक्षपाती ठरवील. तो आक्षेप आम्हांस मान्य नाहीं. ज्यांच्याविषयीं विश्वास नाहीं त्यांच्यापुढें कामगारानें तोंडच उघडलें नसतें. पक्ष प्रकट असला म्हणजे वाचक सावध राहतो. छपलेला पक्षच घातक.

राजवाड्यांनीं १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें छापून, बखरीपेक्षां समकालीन पत्र श्रेष्ठ, ही दृष्टि आपणांस दिली. तर मग गिरणीच्या कचेरींतील हजेरीपट हें पत्र आणि कामगाराचें बोलणें ही बखर, असें म्हणून आपण निकाल द्यावा काय? येथें थोडें थांबलें पाहिजे. बदली कामगार रोज सकाळीं गिरणीच्या दारांत उभा राही. काम मिळालें तर आंत, न मिळालें तर परत घरीं. पगारपत्रकांत त्याचे भरलेले दिवस सांपडतात. रिकाम्या हातीं परतल्याचे दिवस सांपडत नाहींत. भाट्ट मीमांसकांनीं अनुपलब्धि हें स्वतंत्र प्रमाण मानिलें, परंतु त्यास योग्यतेची अट घातली: वस्तु असती तर दिसलीच असती, अशी स्थिति असेल तरच तिच्या न दिसण्यावरून ती नाहीं असें म्हणतां येतें. पगारपत्रक रिते दिवस नोंदण्यासाठीं नव्हतेंच. म्हणून त्याचें मौन हें प्रमाण नव्हे. ताम्रपटांत दाता, प्रतिग्रहीता व सीमा ह्यांचा उल्लेख येतो, ती भूमि कसणाऱ्याचा क्वचितच. तेवढ्यावरून भूमि पडीक होती असें कोण म्हणेल? अनिश्चिततेचा इतिहास मालकाच्या कागदांत पूर्णपणें उतरत नाहीं. तो मुखी साधनांतूनच घ्यावा लागतो, आणि हेंच ह्या ग्रंथाचें खरें समर्थन होय.

तथापि कागदावांचून केवळ मुखानें भागत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलींतील ५८ व्या नियमानें गिरणीच्या जमिनीचे सार्वजनिक मोकळी जागा, घरें व मालक असे स्थूलमानानें तीन वांटे करावयाचे होते. २००१ सालच्या दुरुस्तीनें ही वांटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरतीच उरली, व २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती दुरुस्ती कायम केली. थोड्याशा पाठभेदानें केवढा अर्थभेद झाला, हें पोथ्यांचे पाठ जुळविणाऱ्यांस निराळें सांगावयास नको. उरलेल्या वांट्यांतून जीं घरें म्हाडामार्फत सोडतीनें दिलीं गेलीं, त्यांसाठीं १ जानेवारी १९८२ रोजीं वा तदनंतर आपण गिरणींत होतों हें कामगारानें किंवा त्याच्या वारसानें शाबीत करावयाचें होतें. तेथें आठवण चालत नाहीं. ओळखपत्र, हजेरीची नोंद, भविष्यनिर्वाह निधीचा कागद लागतो. इनामदाराच्या वंशजानें सनद पुढें करावी, तसाच हा प्रकार.

ग्रंथाची शेवटची मर्यादा त्याच्या नांवांतच आहे: तो गिरणगांवापुरता आहे. आमच्या ठाणें-कल्याण टापूची अशी कथा अद्याप संकलित व्हावयाची आहे. मोहोने येथील नॅशनल रेयॉनचा अवाढव्य कारखाना २००९ सालीं बंद पडला. डोंबिवलीजवळ कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यांत १९९० नंतरच्या दशकांत प्यूजो ह्या फ्रेंच कंपनीच्या भागीदारींत मोटारी निघत. ती भागीदारी त्याच दशकांत मोडली. ह्या कारखान्यांचे कामगार अजून आपल्यांत आहेत. त्यांच्या माळ्यांवरील पत्र्याच्या पेट्यांत नेमणूकपत्रें, पगाराच्या चिठ्ठ्या, टाळेबंदीच्या नोटिसा व संघटनांचीं पत्रकें पडून असतील. घर बदलतांना तीं रद्दींत जातात. संग्राहकांस विनंति इतकीच कीं, मोडी कागदाच्या शोधांत आपण वाडे धुंडाळतों, तशा ह्या चाळीहि धुंडाळाव्या. कागद मूळचा मालकाकडेच ठेवून त्याची नक्कल घ्यावी, कारण त्याच्या हक्काचा निवाडा अद्याप त्यावर अवलंबून असूं शकतो. आणि कागद दाखविणाऱ्याचें बोलणें, तारीख घालून, न तोडतां, त्याच्याच शब्दांत उतरून ठेवावें. पत्र व मुख एकत्र आलीं म्हणजेच ह्या विषयाचा इतिहास लिहितां येईल.